वाचक विचारतात : आइस हॉकीत वय नेमकं कोणत्या तारखेला मोजतात?

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांत ड्राफ्ट (एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे क्लब दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तो), ज्युनियर लीग, कॉलेज, करार असे विषय वेगवेगळे आहेत, पण गोंधळ बहुतेक ठिकाणी एकच आहे. ‘अठरा पूर्ण’ म्हणजे कधी? कॅनडा-अमेरिकेच्या हॉकीत वय मोजायच्या दोन तारखा आहेत, १५ सप्टेंबर आणि ३१ डिसेंबर. शिवाय कायद्याने सज्ञान होण्याचा दिवस वेगळाच. या तिन्हींची सरमिसळ झाली की घरातला सगळा हिशोब एका वर्षाने चुकतो.

प्रश्न : मुलाचा जन्म २० सप्टेंबर २००८चा. २०२६मध्ये त्याला अठरा पूर्ण होतील. मग २०२६च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये त्याचं नाव येऊ शकतं का?

उत्तर : नाही, त्याचं वर्ष २०२७. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तो दिवस धरून, ज्याला अठरा पूर्ण होतात तोच त्या वर्षी पात्र ठरतो. ड्राफ्ट जूनअखेर होतो, त्यामुळे निवड होते त्या दिवशी कित्येक मुलं अजून सतराचीच असतात. ते चालतं. पाहायचं असतं ते पुढच्या १५ सप्टेंबरला वय किती होईल एवढंच. तुमचा मुलगा पाच दिवसांनी मागे राहतो.

पाच दिवस असोत की एक, सूट नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अलेक्झांडर ओव्हेच्किनचं. जन्म १७ सप्टेंबर १९८५, म्हणजे २००३च्या ड्राफ्टसाठी दोन दिवस उशीर. तरीही फ्लोरिडा पँथर्सने त्या वर्षी नवव्या फेरीत त्याचं नाव पुकारून पाहिलं. त्यांचा युक्तिवाद लीप वर्षांचा होता. १८ गुणिले ३६५ म्हणजे ६५७० दिवस. मधल्या १९८८, १९९२, १९९६ आणि २००० या चार लीप वर्षांचे चार जादा दिवस लक्षात घेतले तर ६५७० दिवस १३ सप्टेंबर २००३लाच भरतात, म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी! गणित बरोबर आहे, पण वय दिवसांत मोजायचं असतं तर ना. लीगने ते धुडकावलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन कॅपिटल्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्मही १७ सप्टेंबरचाच, १९९७चा. तोही दोन दिवसांनी हुकला आणि २०१६मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

अलीकडची जोडी पाहा. मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबर २००७चा. दहा दिवस हाताशी ठेवून तो २०२५च्या ड्राफ्टमध्ये बसला आणि न्यूयॉर्क आयलँडर्सने त्याला पहिला उचलला. गॅव्हिन मॅकेना २० डिसेंबर २००७चा. दोघांच्या वयात साडेतीन महिन्यांचं अंतर, पण मॅकेनाचं ड्राफ्टचं वर्ष २०२६.

जन्मतारखांची पूर्ण चौकट हवी असेल तर २०२५ची देतो, बाकीच्या वर्षांसाठी एकेक वर्ष सरकवत जा. १ जानेवारी २००५ ते १५ सप्टेंबर २००७ या काळात जन्मलेले सगळे पात्र होते. उत्तर अमेरिकेबाहेरच्या, आधी कुणी न घेतलेल्या खेळाडूंसाठी २००४ हे सालही खुलं होतं. त्याशिवाय २०२३मध्ये निवड होऊनही करार न झालेले आणि ३० जून २००५नंतर जन्मलेले पुन्हा यादीत आले. ड्राफ्टसाठी अर्ज करावा लागत नाही. वयाच्या चौकटीत बसलात की नाव पात्रच असतं, तेव्हा ‘फॉर्म भरून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ नकार द्या.

प्रश्न : मग सप्टेंबरअखेर ते डिसेंबर जन्मलेल्या मुलांचं नुकसानच नाही का?

उत्तर : ड्राफ्टपुरतं पाहिलं तर वर्ष जातं, हे खरं. पण चित्र एवढंच नाही, आणि इथे थोडं थांबायला हवं.

कॅनडा आणि अमेरिकेत लहान मुलांचे गट जन्मवर्षाने पडतात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. जानेवारीतला मुलगा आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला मुलगा एकाच संघात येतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत, स्केटिंगच्या वेगात ठळक फरक. निवड चाचणीत प्रशिक्षकाच्या डोळ्यांत मोठा मुलगा भरतो, त्याला वरचा संघ मिळतो, बर्फावर खेळायला जास्त वेळ मिळतो, चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि तीन वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये कॅनडाच्या वरच्या दर्जाच्या हॉकीतल्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू लक्षणीयरीत्या जास्त निघाले. वर्षअखेर जन्मलेलं मूल दहा-बाराव्या वर्षी मागे दिसलं, तर त्याचं कौशल्य कमी आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. कित्येक चांगली मुलं नेमकी याच टप्प्यावर हॉकी सोडतात, आणि ते फार वाईट आहे.

सप्टेंबरची तारीख इथे उलटी पडते. १५ सप्टेंबरनंतर जन्मलेला मुलगा आपल्या गटाबरोबर ज्युनियर हॉकीत शिरतो, पण त्याचा ड्राफ्ट पुढच्या जन्मवर्षाच्या मुलांबरोबर होतो. म्हणजे निवडीआधी त्याला ज्युनियरचा एक हंगाम जास्त मिळतो. २०१५च्या ड्राफ्टमध्ये पहिला कॉनर मॅकडेव्हिड १३ जानेवारी १९९७चा आणि दुसरा जॅक आयकेल २८ ऑक्टोबर १९९६चा. दोघांचं जन्मवर्ष वेगळं, ड्राफ्ट एकच. शरीर भरायला वेळ लागणाऱ्या मुलाला हे जादा वर्ष वरदान ठरतं. एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, जाण्याचा रस्ताही अशा मुलाला ड्राफ्टनंतर लवकर मोकळा होतो. त्याचा खुलासा पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : मुलगी-मुलगा दोघंही खेळतात. मुलाच्या प्रशिक्षकांच्या मते तो १५व्या वर्षीच ओएचएलमध्ये खेळू शकेल. हे शक्य आहे?

उत्तर : नियमात शक्य आहे, व्यवहारात फार दुर्मिळ आहे. कॅनडाच्या ज्युनियर हॉकीची शिखर संघटना सीएचएल, तिच्या तीन लीग : ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल. पूर्णवेळ खेळायचं वय १६ ते २०, तेही जन्मवर्षाने. ज्या वर्षी १६ पूर्ण होतात त्या शरद ऋतूत मुलगा संघात जाऊ शकतो. क्लब मुलाचे हक्क त्याआधीच घेऊन ठेवतात. डब्ल्यूएचएलमध्ये तर ही निवड आणखी एक वर्ष अलीकडे होते. निवड झाली म्हणजे लगेच खेळायला मिळालं, असं समजू नका.

१५व्या वर्षी पूर्णवेळ खेळण्यासाठी ‘एक्सेप्शनल स्टेटस’ म्हणजे विशेष दर्जा लागतो. ओएचएलमध्ये तो २००५मध्ये जॉन टॅव्हारेसला सगळ्यात आधी मिळाला. नंतर ॲरन एकब्लॅड, मॅकडेव्हिड, शॉन डे, क्यूएमजेएचएलमध्ये जो वेलेनो, ओएचएलमध्ये २०१९ला शेन राइट, डब्ल्यूएचएलमध्ये २०२०ला कॉनर बेडार्ड, ओएचएलमध्ये २०२२ला मायकल मिसा, डब्ल्यूएचएलमध्ये २०२४ला लँडन ड्यूपॉन्ट. वीस वर्षांत नावं बोटांवर मोजण्याइतकी. गोल किती केले एवढ्यावर हे ठरत नाही. शाळेतली प्रगती, मानसिक तयारी, घराबाहेर राहण्याची क्षमता हेही पाहिलं जातं, कारण ज्युनियर खेळाडू बहुतेक वेळा परक्या गावात ‘बिलेट’ म्हणजे खेळाडूला घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबात राहतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा दर्जा फक्त ज्युनियर लीगपुरता आहे. एनएचएलच्या दारात तो चालत नाही. टॅव्हारेसचा जन्म २० सप्टेंबर १९९०. वर्षभर आधी ज्युनियरमध्ये शिरलेला हा मुलगा २००८चा ड्राफ्ट पाच दिवसांनी हुकला आणि चार हंगाम ओएचएलमध्ये काढून २००९मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. लवकर शिरल्याने लवकर बाहेर पडता येतं, असं नाही. घराजवळच्या चांगल्या अंडर-१६ किंवा अंडर-१८ संघात मुलाला भरपूर खेळायला मिळत असेल, तर विशेष दर्जाचा अर्ज नाकारला गेला म्हणून काही बिघडत नाही. पंधराव्या वर्षी चौथ्या फळीत सहा मिनिटं खेळण्यापेक्षा वीस मिनिटं खेळणं केव्हाही बरं.

प्रश्न : ड्राफ्ट झाला, करार झाला, शिबिरात मुलगा छान खेळला, तरी क्लबने त्याला ज्युनियर संघात परत पाठवलं. तो एएचएलमध्ये खेळू शकत नाही म्हणतात. १८ पूर्ण असूनही का?

उत्तर : एएचएलचं स्वतःचं किमान वय १८च आहे. अडवणारा नियम वेगळा आहे, तो एनएचएल आणि सीएचएल यांच्यातल्या कराराचा. सीएचएल संघातून ड्राफ्ट झालेला १८-१९ वर्षांचा खेळाडू एनएचएलच्या संघात टिकला नाही, तर त्याला त्याच्या ज्युनियर संघाकडेच परत द्यावं लागतं. हंगामाच्या ३१ डिसेंबरपर्यंत २० पूर्ण होत असतील किंवा सीएचएलचे चार हंगाम झाले असतील, तरच एएचएलचा रस्ता मोकळा होतो. ज्युनियर क्लबांची तिकीटविक्री, त्यांचा दर्जा याच खेळाडूंवर उभा असतो, म्हणून ते हा करार घट्ट धरून ठेवतात.

आता तारखा जुळवून पाहा. १० मार्च २००७ला जन्मलेला मुलगा २०२५मध्ये ड्राफ्ट झाला, तर त्याला ३१ डिसेंबरपर्यंत २० पूर्ण होण्याचं वर्ष २०२७. म्हणजे ड्राफ्टनंतर दोन पूर्ण हंगाम ‘एनएचएल नाहीतर ज्युनियर’. १० नोव्हेंबर २००६चा मुलगाही २०२५मध्येच ड्राफ्ट झाला, पण त्याला वीस पूर्ण होतात ते नोव्हेंबर २०२६मध्येच. त्याला एकच हंगाम थांबावं लागतं. उशिरा जन्मलेल्यांना एएचएलचा रस्ता लवकर मोकळा होतो असं वर म्हटलं, ते याच अर्थाने.

हा नियम वयाचा कमी आणि मुलगा आला कुठून याचा जास्त आहे. विल्यम निलँडरला टोरंटोने २०१४मध्ये स्वीडनमधून घेतलं आणि जानेवारी २०१५मध्ये तो १८व्या वर्षी एएचएलच्या टोरंटो मार्लीजकडून खेळत होता. ओएचएलमधून आला असता तर हे जमलं नसतं. अपवाद मात्र झाले आहेत. २०२०-२१मध्ये साथीमुळे ओएचएलचा हंगामच झाला नाही, तेव्हा क्विंटन बायफील्डसारखे ज्युनियरमधले १८ वर्षांचे खेळाडू एएचएलमध्ये खेळले. शेन राइटला २०२३-२४मध्ये १९व्या वर्षी विशेष सवलत मिळाली.

बदलही दारात आहे. एनएचएल आणि खेळाडू संघटनेचा नवा सामूहिक करार १६ सप्टेंबर २०२६पासून लागू होतो, आणि त्यासोबत प्रत्येक एनएचएल क्लबला सीएचएलचा एक १९ वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये ठेवण्याची वाट खुली होते. एकच जागा, आणि १८ वर्षांच्यांना नाही. ज्युनियरमध्ये दर सामन्याला दोन गुण (गोल किंवा गोलाला मदत) सहज मिळवणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाला तिथे शिकायला फारसं उरत नाही, आणि एनएचएलसाठी तो अजून कच्चा असतो. नेमकी हीच मधली पायरी इतकी वर्षं गायब होती. आमच्या मते हा बदल दहा वर्षं आधी व्हायला हवा होता.

प्रश्न : ‘नऊ सामने’ हा आकडा सारखा कानावर येतो. दहाव्या सामन्यात असं काय होतं?

उत्तर : दहाव्या सामन्यात मुलाच्या पहिल्या कराराचं पहिलं वर्ष खर्ची पडतं. हा हिशोब सावकाश पाहू, कारण घरातल्यांना सगळ्यात जास्त धक्का इथे बसतो.

एनएचएलमधला पहिला करार ‘एंट्री-लेव्हल’ असतो आणि त्याची मुदत वयावर ठरते. सही करायच्या वर्षी १५ सप्टेंबरला वय १८ ते २१ असेल तर तीन वर्षं, २२-२३ असेल तर दोन, २४ असेल तर एक. पगारालाही कमाल मर्यादा आहे. २०२५मध्ये ड्राफ्ट झालेल्यांसाठी ती वर्षाला ९,७५,००० अमेरिकी डॉलर, बोनस वेगळे.

आता समजा, मार्च २००७मध्ये जन्मलेल्या मुलाने २०२५च्या उन्हाळ्यात सही केली. करार २०२५-२६, २६-२७ आणि २७-२८ या तीन हंगामांचा. ऑक्टोबरमध्ये क्लबने त्याला नऊ सामने खेळवलं आणि ज्युनियरमध्ये पाठवलं. दहापेक्षा कमी सामने झाल्याने करार जसाच्या तसा एक वर्ष पुढे सरकतो, आता २०२६-२७ ते २०२८-२९. पुढच्या वर्षी तो १९चा, पुन्हा दहापेक्षा कमी सामने, पुन्हा एक वर्ष पुढे. कराराची तीन वर्षं संपायला प्रत्यक्षात पाच लागतात. सही करतानाचा बोनस मात्र ठरलेल्या वर्षीच मिळून जातो, तो पुढे सरकत नाही. एएचएलचे सामने या दहात धरत नाहीत.

इथेही उशिरा जन्मलेल्यांसाठी वेगळा खुंटा आहे. सहीच्या वर्षी १५ सप्टेंबरला १९ आहे, पण त्याच वर्षी १६ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरच्या दरम्यान २० पूर्ण होतात, अशा मुलाचा करार सरकत नाही. दहा सामने होवोत न होवोत, वर्ष संपलं की गेलं. सल्लागाराने हे सांगितलं नसेल तर सहीआधी त्याला विचाराच.

दहाच्या पुढे आणखी एक आकडा आहे, ४०. हंगामात ४० सामने संघाच्या यादीत राहिला, गोलरक्षकासाठी ३०, की तो हंगाम पूर्ण मानला जातो. असे सात हंगाम झाले किंवा वय २७ झालं की खेळाडू पूर्ण मोकळा होतो आणि हव्या त्या क्लबशी बोलू शकतो. १८व्या वर्षापासून दरवर्षी हंगाम भरला तर हे २५व्या वर्षीच घडतं. ऐन भरात असलेला खेळाडू दोन वर्षं आधी हातातून जाऊ नये, म्हणूनही क्लब १८ वर्षांच्या मुलाला चाळिसाव्या सामन्याआधी खाली पाठवतात. मुलगा वाईट खेळला असेल असं नाही. हे मुलाला आधीच समजावून सांगा, नाहीतर परतीचा प्रवास तो मनाला लावून घेतो.

प्रश्न : ज्युनियर खेळला की अमेरिकेतलं कॉलेज हॉकी कायमचं बंद, असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो. आता म्हणे तसं नाही?

उत्तर : आता तसं नाही. सीएचएलमध्ये एनएचएलशी करार झालेली मुलंही खेळतात आणि खेळाडूंना भत्ता मिळतो, म्हणून एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, ती व्यावसायिक लीग धरत असे. सोळाव्या वर्षी दोन सराव सामने खेळलेला मुलगाही कॉलेजसाठी बाद व्हायचा. अशाच एका प्रकरणात २०२४मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२४ला एनसीएएच्या पहिल्या विभागाच्या परिषदेने नियम बदलला, आणि १ ऑगस्ट २०२५पासून सीएचएलचे खेळाडू कॉलेजमध्ये खेळू शकतात. अट एवढी की राहणं, प्रवास, जेवण अशा प्रत्यक्ष गरजेच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळालेले नसावेत. मेडिसिन हॅटकडून डब्ल्यूएचएल गाजवलेला गॅव्हिन मॅकेना २०२५मध्ये पेन स्टेटला गेला तो याच बदलामुळे.

ड्राफ्टमध्ये निवड झाली म्हणून कॉलेज बंद होत नाही. बंद होतं ते एनएचएलच्या करारावर सही केली की. ही रेघ पक्की लक्षात ठेवा.

मुलं अडतात ती बहुतेकदा हॉकीत नाही, शाळेत. पहिल्या विभागासाठी हायस्कूलचे १६ मूलभूत विषय लागतात आणि त्यांत सरासरी चारपैकी निदान २.३. त्यातले दहा विषय शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण झालेले हवेत, आणि मागाहून परीक्षा देऊन या दहांचे गुण सुधारता येत नाहीत. सोळाव्या वर्षी गाव बदललं, शाळा बदलली, बसमधून रात्री दोनला परतला, गणिताचा सोपा पर्यायी विषय घेतला. असं करत करत दोन वर्षांनी कळतं की घेतलेला विषय एनसीएएच्या यादीतच नाही. नव्या शाळेत नाव घालताना समुपदेशकांकडून विषयांची यादी एनसीएएच्या मान्य यादीशी पडताळून घ्या, आणि दर सत्राअखेर पुन्हा पाहा.

कॅनडाच्या विद्यापीठात शिकायचं असेल तर ज्युनियर लीगची शिष्यवृत्तीही मोजा. डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाचं शिक्षणशुल्क मिळतं. व्यावसायिक करार झाल्यावर किंवा वेळेत प्रवेश न घेतल्यास ती कधी रद्द होते, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा माणूस दोन वर्षांत दुसऱ्या क्लबमध्ये गेलेला असतो.

प्रश्न : अठराव्या वर्षी माणूस सैन्यात जाऊ शकतो, मग सतराव्या वर्षी हॉकी खेळून पैसे का मिळवू नयेत? कुणी न्यायालयात गेलं नाही का?

उत्तर : गेलं, आणि जिंकलंही. १९७७मध्ये १९ वर्षांच्या केन लिन्समनला वर्ल्ड हॉकी असोसिएशनच्या बर्मिंगहॅम बुल्सकडून खेळायचं होतं, पण त्या लीगची अट २० वर्षांची होती. कनेक्टिकटच्या संघराज्य न्यायालयाने स्पर्धाविरोधी कायद्याखाली ती अट त्याच्याविरुद्ध वापरायला मनाई केली. दुसऱ्याच वर्षी इंडियानापोलिस रेसर्सने १७ वर्षांच्या वेन ग्रेट्झ्कीशी करार केला. आठ सामन्यांनंतर त्याला एडमंटनला विकलं. १९७९मध्ये त्या लीगमधले चार संघ एनएचएलमध्ये आले तेव्हा ग्रेट्झ्की त्यांच्याबरोबर आला, एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये तो कधी निवडलाच गेला नाही. प्रतिस्पर्धी लीग पोरांना उचलत असताना एनएचएलला २० वर्षांची अट धरून बसणं परवडणारं नव्हतं. १९८०पर्यंत ड्राफ्टचं वय १८वर आलं.

आजचा नियम न्यायालयात पाडणं मात्र फार अवघड आहे, कारण तो मालकांनी एकतर्फी लादलेला नसून खेळाडू संघटनेबरोबरच्या सामूहिक करारात आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये मॉरिस क्लॅरेटने तिथल्या वयाच्या अटीला आव्हान दिलं होतं. २००४मध्ये अपील न्यायालयाने कामगार करारांना मिळणाऱ्या संरक्षणाच्या आधारे निकाल लीगच्या बाजूने दिला. लिन्समनच्या लीगच्या अटीला असं कवच मिळालं नव्हतं.

प्रश्न : एनएचएलमध्ये सगळ्यात लहान वयात कोण खेळलं?

उत्तर : आर्मंड ‘बेप’ गिडोलिन, १२ नोव्हेंबर १९४२ला बोस्टन ब्रुइन्सकडून, वय १६. महायुद्धामुळे संघ रिकामे पडले होते. आजच्या नियमात हा विक्रम मोडणं शक्यच नाही.

प्रश्न : युरोपात १७व्या वर्षी मोठ्यांच्या लीगमध्ये खेळलं तर ड्राफ्टचं वर्ष अलीकडे येतं का?

उत्तर : नाही. ड्राफ्टची तारीख कुठे खेळलात त्यावर बदलत नाही. पण थांबायला लागणारं वर्ष तिथे घालवता येतं. मॅथ्यूजने हुकलेलं वर्ष झुरिकच्या संघात मोठ्यांबरोबर काढलं. रासमुस डालीन १६व्या वर्षी स्वीडनच्या वरच्या लीगमध्ये फ्रोलुंडाकडून खेळत होता. युराय स्लाफकोव्स्की १७व्या वर्षी २०२२च्या ऑलिंपिकमध्ये सात गोल करून स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्याच उन्हाळ्यात पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. देश बदलताना आंतरराष्ट्रीय बदली कार्ड लागतं आणि अल्पवयीनांसाठी त्याचे नियम कडक आहेत, म्हणून क्लबशी बोलण्याआधी आपल्या राष्ट्रीय संघटनेशी बोला.

जागतिक ज्युनियर स्पर्धेची तारीख पुन्हा वेगळी, तिथे जन्मवर्ष चालतं. डिसेंबर २०२५मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेत २००६ किंवा नंतर जन्मलेले पात्र होते. एनएचएलमधला किशोरही तिथे खेळू शकतो, क्लबने सोडलं तर.

प्रश्न : ड्राफ्टच्या दिवशी मुलगा १७चा असेल तर करारावर सही कोण करतं?

उत्तर : अल्पवयीन असेपर्यंत पालकांची सही लागते, आणि सज्ञान होण्याचं वय प्रांताप्रमाणे बदलतं. ओंटारियोत १८, ब्रिटिश कोलंबियात १९. घाई बहुतेक वेळा नसते. बेडार्ड जून २०२३मध्ये १७व्या वर्षी शिकागोने निवडला आणि १७ जुलैला, त्याच्या अठराव्या वाढदिवशी, करार झाला. सहीआधी वकिलाला मसुदा वाचायला निदान आठवडा द्या.

प्रश्न : वीस पूर्ण झाले, कुणी ड्राफ्ट केलं नाही. संपलं का?

उत्तर : ड्राफ्ट संपला, हॉकी नाही. उत्तर अमेरिकेतला न निवडलेला खेळाडू वयाच्या चौकटीतून बाहेर पडला की कोणत्याही एनएचएल क्लबशी थेट करार करू शकतो. मार्क जॉर्डानो ओवेन साउंडकडून ओएचएल खेळला, कुणी घेतला नाही, २००४मध्ये कॅल्गरीने त्याला करार दिला आणि २०१९मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला.

त्या विसाव्या वर्षी ज्युनियरमध्ये राहणंही सोपं नाही. प्रत्येक सीएचएल संघात २० वर्षांच्या खेळाडूंसाठी फक्त तीन जागा असतात. शरद ऋतूत पाच-सहा जण त्यांसाठी झगडतात आणि मुदतीला उरलेल्यांना सोडलं जातं. म्हणून त्या ऑगस्टमध्येच दुसरी सोय हातात ठेवा : कॉलेजचा प्रवेश, कॅनडाचं विद्यापीठ किंवा एएचएल किंवा तिच्याखालच्या ईसीएचएल लीगमधल्या क्लबच्या शिबिराचं निमंत्रण. एएचएलच्या प्रत्येक सामन्यात १८ स्केटर्सपैकी (गोलरक्षक सोडून बाकीचे) १३ जण कमी अनुभवाचे असावे लागतात. त्यांतल्या बारांचे व्यावसायिक सामने २६०पेक्षा जास्त नसावेत, तेराव्याचे ३२०पेक्षा. नवख्या मुलांसाठी जागा या नियमानेच राखलेली आहे. शिबिराला जाताना शेवटच्या दोन हंगामांचे पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ पाठवा, नुसत्या गोलांचे तुकडे नकोत. पक नसताना मुलगा कुठे उभा राहतो, ते प्रशिक्षकाला पाहायचं असतं.